गोदीची भिंत आणि खुला किनारा : मुंबई बंदरातील गुन्हे, पोलीस आणि सुरक्षा प्रशासन यांचा इतिहास

प्रस्तावना

भारताच्या आर्थिक इतिहासात मुंबई बंदराचे स्थान अनन्यसाधारण आहे. कापसाची निर्यात, अफूचा व्यापार, यंत्रसामग्रीची आयात आणि गिरणगावाचा उदय यांचा विचार बंदराचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. बंदराचा व्यापार, गोदी कामगारांची चळवळ आणि पोर्ट ट्रस्टच्या जमिनी या विषयांवर बरेच लेखन झाले आहे. त्या मानाने बंदरातील गुन्हे, पहारा आणि पोलीस यांच्याकडे इतिहासाच्या अंगाने फारसे पाहिले गेलेले नाही. हा विषय निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत किंवा तस्करांच्या चटकदार कथांत अडकून पडला आहे.

वस्तुतः बंदरातील सुरक्षा व्यवस्थेचा इतिहास हा राज्यसंस्थेने कोणावर संशय घ्यावयाचे ठरविले याचा इतिहास आहे. मुंबईपुरते बोलावयाचे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदीभोवती भिंत उभी राहिली, तिला दरवाजे बसले आणि त्या दरवाजांवर मजुराची झडती सुरू झाली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत बंदराच्या संदर्भात जे मोठे गुन्हे व मोठे अनर्थ घडले, त्यांतील बहुतेक या भिंतीच्या बाहेर घडले. काही घडले ते कागदपत्रे रीतसर असताना भिंतीच्या आत. तरीही झडतीची दिशा फारशी बदलली नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि ती का टिकली, याचा शोध येथे घेतला आहे.

समुद्रावरील चोर कोण?

बंदराच्या सुरक्षेचा प्रश्न ब्रिटिशांनी निर्माण केला, असे समजण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो न घेता जाणारे जहाज जप्तीस पात्र ठरे. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक देण्यास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले. परवाना देणारा दर्यासारंग की चाचा, हे त्या काळी परवाना नाकारणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. टोपीकरांना वखारीसाठी जागा देणे भाग पडल्यास ती समुद्रकिनारी वा किल्ल्यानजीक देऊ नये, असा इशाराही त्यात दिला आहे. बंदराची सुरक्षा म्हणजे बंदरात कोणास पाय ठेवू द्यावयाचा याचा निर्णय होय, ही जाण त्या ग्रंथकर्त्यास होती.

मुंबई शहराच्या पोलीस दलाचा उगमही बंदराशी निगडित आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याने १६७० च्या दशकात भंडारी समाजातील लोकांची एक फौज उभी केली आणि तिचे सुभेदार माहीम, शिवडी व शीव येथे नेमले. खलाशांना लुटणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त हे या फौजेचे एक प्रमुख काम होते. तिन्ही ठाणी खाडी वा समुद्राच्या काठची आहेत. शहराचा पहिला पहारा पाण्याकडे तोंड करून उभा होता.

टेम्सचा धडा

आधुनिक बंदर पोलिसांचे मूळ मात्र लंडनमध्ये शोधावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडिजमधून येणारी साखर, रम आणि कॉफी टेम्स नदीत नांगरलेल्या जहाजांतून उतरविली जाई आणि त्यातील बराच माल वाटेत नाहीसा होई. पॅट्रिक कॉल्क्हून हा दंडाधिकारी आणि जॉन हॅरियट हा जुना दर्यावर्दी यांनी वेस्ट इंडिजच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर जुलै १७९८ मध्ये वॉपिंग येथे नदी पोलिसांचे कार्यालय उघडले. त्याच्या योजनेस व पुढील कायद्याच्या मसुद्यास जेरेमी बेंथमचे साहाय्य होते. १८०० मध्ये पार्लमेंटने कायदा करून हे दल सरकारी केले. लंडन महानगर पोलीस दलाची स्थापना १८२९ ची, म्हणजे या दलानंतर सुमारे तीन दशकांनी झालेली आहे.

या दलाने चोरी थांबविली, एवढेच सांगून इतिहासकारांना पुढे जाता येत नाही. जहाज रिकामे करताना सांडलेली साखर, फुटलेल्या पिंपातील गाळ, कोळशाचे चार तुकडे घरी नेणे हा नदीवरील मजुरांचा पूर्वापार हक्क मानला जाई. किंबहुना मजुरी अपुरी असल्याने तो मजुरीचाच भाग होता. कॉल्क्हूनच्या हिशेबाने नदीवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक गुन्हेगार होते. हा आकडा चोरांच्या संख्येचा म्हणावा की रूढीस चोरी ठरविणाऱ्या व्याख्येचा, असा प्रश्न पडतो. ऑक्टोबर १७९८ मध्ये कोळसा वाहणाऱ्या मजुरांनी वॉपिंगच्या कार्यालयावर हल्ला केला व त्या दंगलीत प्राणहानी झाली. दंगलीचे निमित्त काही मजुरांना कोळसा चोरल्याबद्दल झालेली शिक्षा हे होते. मालकाच्या मालाचे रक्षण आणि मजुराच्या हक्काचा लोप या दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयात आणि एकाच वेळी घडल्या. मुंबईच्या गोदीकडे पाहताना हा धडा विसरता येत नाही.

भिंत आणि दरवाजे

१८५८ मध्ये स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती मुंबईच्या धक्क्यांचा मोठा भाग एकवटला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. बंदराचा किनारा एका खाजगी कंपनीच्या मक्तेदारीत राहणे धोक्याचे आहे असे ध्यानात येऊन १८६९-७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून डॉक १८७५ मध्ये, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ मध्ये सुरू झाली.

बंदिस्त गोदीमुळे गुन्ह्याची जागाच बदलली. त्यापूर्वी जहाजे बंदरात नांगर टाकून उभी राहत आणि मचवे, पडाव यांतून माल निरनिराळ्या बंदरांवर, म्हणजे धक्क्यांवर, उतरे. एवढ्या विखुरलेल्या पाण्यावर पहारा ठेवणे जवळजवळ अशक्य होते. गोदीत जहाज थेट भिंतीस लागले, माल शेडमध्ये गेला आणि बाहेर पडण्याचा मार्ग दरवाजापुरता उरला. यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट, ब्ल्यू गेट ही रंगांची नावे मुंबईकरांच्या तोंडी बसली. त्यांपैकी यलो गेटने तर पुढे पोलीस ठाण्यालाच आपले नाव दिले.

भिंतीच्या आत तीन सत्ता नांदत होत्या. शुल्काचा अधिकार १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यान्वये कस्टम खात्याकडे होता. माल ताब्यात घेऊन सांभाळण्याची जबाबदारी १८७९ च्या कायद्यान्वये ट्रस्टकडे होती व त्यासाठी ट्रस्टचे स्वतःचे पहारेकरी होते. गुन्ह्याचा तपास मुंबई पोलिसांचा. हे तिहेरी स्वरूप स्वातंत्र्यानंतरही टिकले. १९६३ च्या महाबंदर न्यास कायद्याने ट्रस्टला मालाचा निक्षेपधारक ठरविले. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील तेरावे कलम तर विशेष बोलके आहे. माल उतरल्यानंतर आणि सोडविण्यापूर्वी त्यातून चोरी झाली, तर चोरीस गेलेल्या भागावर आयातदाराने शुल्क देण्याची आवश्यकता नाही, असे ते कलम सांगते. भुरटी चोरी ही गोदीच्या कारभारातील नित्याची तूट आहे, हे कायद्यानेच गृहीत धरले होते. ही तूट भरून देण्याचा भार, म्हणजे अशा मालावरील शुल्क, माल सांभाळणाऱ्या संस्थेवर टाकणारी तरतूद १९९५ मध्ये आली. तेहतीस वर्षे ते शुल्क कोणाच्याच खात्यावर पडत नव्हते.

या काळात दरवाजावर उभा राहून झडती देणारा माणूस कोण होता? तो टोळीवाल्याच्या वा मुकादमाच्या मर्जीवर रोज काम मिळविणारा मजूर होता. जहाज आले तर काम, नाही तर उपास, अशी त्याची स्थिती असे. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने गोदीतील या अनिश्चित रोजगारावर बोट ठेवले; प्रत्यक्ष कायदा १९४८ मध्ये झाला आणि मुंबईचे डॉक लेबर बोर्ड १९५१ मध्ये अस्तित्वात आले. नोंदणी, हजेरी आणि किमान वेतनाची हमी यांमुळे कामगारांस ओळख मिळाली. गोदीतील भुरट्या चोरीवर या नोंदणीचा परिणाम काय झाला, याची संगतवार मांडणी व्हावयास हवी. नोंदणी झालेल्या कामगारास गमावण्यासारखे काही असते. पोलिसी उपायांच्या चर्चेत ही साधी गोष्ट क्वचितच येते.

१९४४ : निष्काळजीपणाची शिक्षा

१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, त्यांच्या सान्निध्यात कापसाच्या हजारो गासड्या होत्या आणि रिझर्व्ह बँकेसाठी पाठविलेल्या सोन्याच्या १२४ विटा ३१ पेट्यांत बंद होत्या. जहाज दोन दिवस आधी गोदीत आले होते. शांततेच्या काळात असा दारूगोळा गोदीबाहेर पाण्यातच तराफ्यांवर उतरविला जाई. युद्धाच्या घाईत हा नियम शिथिल झाला होता. धोक्याच्या मालाची खूण म्हणून जे लाल निशाण लावावयाचे, तेही लावलेले नव्हते. धूर दिसल्यापासून पहिला स्फोट होईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ हाती होता. जहाज बुडवावे की समुद्रात न्यावे, याचा अंतिम निर्णय देणारा एकही अधिकारी त्या धक्क्यावर नव्हता. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी आणि अग्निशमन दलाचे प्रमुख यांपैकी प्रत्येकाकडे निर्णयाचा एकेक तुकडा होता.

मृतांच्या संख्येविषयी एकवाक्यता नाही. ती आठशे ते तेराशेच्या दरम्यान मानली जाते. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले आणि १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. चौकशीत घातपाताचा पुरावा आढळला नाही. सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक दशके गाळ काढताना सापडत राहिल्या.

सुरक्षा प्रशासनाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व तिच्या भीषणतेत जेवढे आहे, तेवढेच तिच्या प्रकारात आहे. भिंत शाबूत होती, दरवाजे बंद होते, पहारा जागा होता. बाहेरून कोणीही आत शिरला नव्हता. धोका रीतसर कागदपत्रांसह गोदीत येऊन दाखल झाला होता.

सोने आणि खुला किनारा

स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि परकीय चलनावर १९४७ च्या कायद्याने नियंत्रण बसले. आंतरराष्ट्रीय बाजारातील सोन्याचा अधिकृत दर औंसाला ३५ डॉलर असताना मुंबईच्या बाजारात सोने बरेच महाग विकले जाई. या तफावतीतून तस्करीचा धंदा उभा राहिला. दुबईहून निघणारी गलबते दहा तोळ्यांची बिस्किटे आणीत. खास शिवलेल्या जाकिटांच्या खिशांतून ती किनाऱ्यावर उतरत. १९६१ पर्यंत दमण व गोवा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने गुजरात आणि कोकण या दोन्ही किनाऱ्यांच्या लगत परकी हद्द उपलब्ध होती. १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत सुवर्ण नियंत्रण आदेश निघाले व चौदा कॅरेटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी आली. त्याचा पहिला घाव बसला तो सोनारांवर. तस्करांचा धंदा त्यामुळे खुंटला नाही.

हाजी मस्तानचे उदाहरण येथे टाळता येत नाही, कारण त्याच्या आयुष्यात गोदी आणि किनारा हे दोन्ही टप्पे येतात. १९४० च्या दशकात तो गोदीत हमाल होता. प्रवाशांनी व खलाशांनी आणलेल्या किरकोळ वस्तू कस्टमच्या नजरेआड बाहेर काढून देणे ही त्याची सुरुवात मानली जाते. पुढे दमणच्या सुकूर नारायण बखिया याच्याशी त्याची भागीदारी झाली आणि धंदा गोदीतून किनाऱ्यावर गेला. गोदीचा दरवाजा फार तर एका माणसाच्या अंगावर मावेल एवढा माल चुकवू देतो. रात्रीच्या भरतीला उघड्या वाळूवर संपूर्ण गलबत रिकामे होते. हिंदी चित्रपटांनी गोदीतील बिल्लेवाल्या हमालाची प्रतिमा अजरामर केली खरी, परंतु तस्करीची खरी बाजारपेठ तोवर गोदीच्या भिंतीपासून कोसभर दूर गेली होती.

राज्यसंस्थेने यास कायद्यांनी उत्तर दिले. १९५५ मध्ये सागरी सीमाशुल्क कायद्यात दुरुस्ती करून सोन्यासारख्या वस्तू चोरट्या आयातीच्या नाहीत हे सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर टाकला गेला. तेच तत्त्व १९६२ च्या कायद्याच्या १२३ व्या कलमात आले. १९५७ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय स्थापन झाले. १९७४ मध्ये ‘कॉफेपोसा’ आला आणि खटला न चालविता स्थानबद्धता शक्य झाली. १९७६ मध्ये मालमत्ता जप्तीचा कायदा झाला. भारतीय तटरक्षक दलाचा जन्मही याच प्रश्नातून झाला. के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे मुख्य विषय समुद्रमार्गे होणारी तस्करी हाच होता. तिच्या शिफारशींनुसार १९७७ मध्ये दल उभे राहिले व १९७८ मध्ये त्याचा कायदा झाला.

एवढे सारे करूनही सोन्याची तस्करी उताराला लागली ती प्रामुख्याने आर्थिक धोरण बदलल्यावर. १९९० मध्ये, मूळचे कोकणशी नाते असलेले मधु दंडवते अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना अल्प शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. दोन सरकारी निर्णयांनी जे साधले, ते तीन दशकांच्या झडत्यांनी साधले नव्हते. मात्र सोन्याने आखलेल्या वाटा, त्या वाटांवरचे मध्यस्थ आणि विकत घेता येणारे कर्मचारी जागच्या जागी राहिले. धंद्यातील माल गेला, यंत्रणा उरली.

शेखाडी आणि त्यानंतर

जानेवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिघी येथे आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळील शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरविण्यात आले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ लोक मृत्युमुखी पडले. किनाऱ्यावरून शस्त्रे घेऊन निघालेली वाहने वाटेत पोलिसांनी अडविली आणि लाच ठरवून सोडून दिली, हे खटल्यात पुढे आले. विशेष न्यायालयाने २००६-०७ मध्ये सीमाशुल्क खात्यातील अधिकाऱ्यांस आणि पोलीस कर्मचाऱ्यांसही दोषी ठरविले व २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यातील अपिलांचा निकाल दिला.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष कटू आहे. पहारा नव्हता म्हणून शस्त्रे उतरली नाहीत. नाके होते, गस्त होती, वाहनेही अडविली गेली. ज्या हातांनी अडविली, त्या हातांना वर्षानुवर्षे सोन्याचांदीच्या हप्त्याची सवय जडली होती. पेटीत या खेपेला सोने नाही, हे उघडून पाहण्याची गरज कोणास वाटली नाही. तस्करी हा केवळ महसुलाचा गुन्हा आहे, असे मानणाऱ्या शासकीय विचारसरणीचा हा परिपाक होय. जुलै १९९३ मध्ये नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगारी टोळ्या, नोकरशाही आणि राजकारण यांच्या संबंधांवर लिहिले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नौदल, तटरक्षक दल आणि सीमाशुल्क खाते यांची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली. २००५ मध्ये किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर होऊन किनारी पोलीस ठाण्यांची तरतूद झाली. दरम्यान २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये जहाजे व बंदरसुविधा यांच्या सुरक्षेची संहिता स्वीकारली आणि १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. प्रत्येक बंदराने धोक्याचे मूल्यमापन करावे, सुरक्षा अधिकारी नेमावा, प्रवेशाचे नियंत्रण ठेवावे, अशा तिच्या अटी होत्या. या संहितेने मुंबईच्या गोदीची भिंत उंच केली. संहिता लागू होती ती आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या मोठ्या जहाजांना व त्यांच्या धक्क्यांना. मासेमारीच्या नौका तिच्या कक्षेत नव्हत्या.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर आले ते ‘कुबेर’ या पळविलेल्या मासेमारी नौकेतून. किनाऱ्याजवळ ते रबरी होडीत बसले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. गोदीचा एकही दरवाजा त्यांना ओलांडावा लागला नाही. त्यांना उतरताना पाहिले आणि हटकले ते तेथील कोळी वस्तीतल्या लोकांनी. हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले.

त्यानंतरची फेररचना मोठी होती. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली, तटरक्षक दलावर प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षा सोपविली गेली, सागर प्रहरी बल उभारले गेले व संयुक्त कार्यकेंद्रे सुरू झाली. २० मीटरपेक्षा लांब नौकांवर ओळख देणारी यंत्रे आली, नौकांना राज्यवार रंग ठरले, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. मुंबई बंदराच्या पाण्यात आणि काठावर आज बंदर प्राधिकरण, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, सीमाशुल्क, महसूल गुप्तचर, मुंबई पोलिसांचे बंदर परिमंडळ, तटरक्षक दल, नौदल, नौवहन महासंचालनालय, राज्याचे सागरी मंडळ आणि मत्स्यव्यवसाय खाते अशा किमान दहा यंत्रणांचा अधिकार चालतो. प्रत्येक अनर्थाने एक यंत्रणा वाढविली. जुनी एकही कमी केली नाही. १९४४ च्या धक्क्यावर निर्णयाचे तुकडे चार-पाच हातांत होते. समन्वयाची केंद्रे झाली असली, तरी हातांची संख्या आता दुप्पट झाली आहे.

कोळी समाजाच्या वाट्याला या रचनेत दुहेरी भूमिका आली. तो सुरक्षा यंत्रणेचे ‘कान आणि डोळे’ असल्याचे सांगितले जाते. भर समुद्रात कागद दाखविण्यासाठी थांबविलाही जातो तोच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोदीच्या दरवाजावर हमाल ज्या जागी उभा होता, त्या जागी आता लहान नौकेचा तांडेल उभा आहे.

बंद पेटी

किनाऱ्यावर हे घडत असता गोदीच्या आतील गुन्ह्याचेही रूप पालटले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबईचा बहुतांश कंटेनर व्यापार खाडीपलीकडे गेला. कंटेनरमुळे गासडी फोडणे, पेटीतून चार वस्तू काढणे हे प्रकार मागे पडले. मालाला हात लावणारा माणूसच राहिला नाही. गुन्हा मग मालाच्या वर्णनात शिरला. रक्तचंदनाची निर्यात अन्य मालाच्या नावाखाली होऊ लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडले, ते शंखजिऱ्याचे दगड म्हणून नोंदविलेल्या कंटेनरांत होते. प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे अशक्य असल्याने २००५ पासून सीमाशुल्क खाते जोखीम व्यवस्थापनाच्या संगणकीय प्रणालीवर विसंबते. कोणाचा माल तपासावा, हे नोंदींच्या आधारे ठरते. जून २०१७ मध्ये तर ‘नॉटपेट्या’ या संगणकीय हल्ल्याने न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. हल्ल्याचे लक्ष्य न्हावा-शेवा नव्हतेच. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या उपद्रवाची ती दूरवर पोहोचलेली झळ होती.

यलो गेटचे दप्तर

समुद्रावरील गुन्ह्याची नोंद कोठे व्हावी, हा प्रश्न अखेरीस एका पोलीस ठाण्यापाशी येऊन थांबतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोन्द्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियातून निघाल्यावर चाच्यांनी पळविले. त्यावर सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम होते. नाव बदलून ‘मेगा रामा’ केलेले हे जहाज अरबी समुद्रात आढळले आणि तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ व नौदलाच्या ‘प्रहार’ या नौकांनी ते नोव्हेंबरमध्ये पकडले. आरोपी इंडोनेशियाचे, मालक जपानी, गुन्हा मलाक्काच्या परिसरात, अटक खुल्या समुद्रात. आणि गुन्हा दाखल झाला यलो गेट पोलीस ठाण्यात. चाचेगिरीची व्याख्या करणारा स्वतंत्र भारतीय कायदा नसल्याने दंडविधानातील कलमे आणि १८४९ च्या वसाहतकालीन नौदलीय गुन्ह्यांविषयीच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

ही उणीव दूर होण्यास आणखी बरीच वर्षे लागली. २०११ मध्ये नौदलाने पकडलेले शंभरावर सोमाली चाचे मुंबईत आणले गेले, तेव्हाही स्वतंत्र कायदा नव्हताच. त्यांच्या खटल्यांचे निकाल २०१७ मध्ये लागले. सागरी चाचेगिरीविरोधी विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने संमत केले व २०२३ च्या प्रारंभी कायदा अमलात आला. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरून पकडलेल्या ३५ सोमाली चाच्यांना घेऊन ‘कोलकाता’ ही युद्धनौका मुंबईस आली आणि त्यांना पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. नव्या कायद्याची कलमे लावून गुन्हा नोंदविण्यात आला तो यलो गेटच्याच दप्तरात.